आई-बाबांना पत्र : दादाच्या गाडीचे थांबे

नागपूर

तीर्थरूप आई-बाबांना शिरसाष्टांग नमस्कार.

मृग बहाराचा, म्हणजे पावसाळ्याच्या सुरुवातीला फुललेला, संत्रा तोडणीला आला, म्हणजे आता दोन महिने दादाची ट्रकची गाडी वरुड ते नवी मुंबईतलं वाशी मार्केट अशी धावत राहणार. बाबा, हे पत्र जास्त करून तुमच्यासाठी आहे. गाडी निघाली की तुम्ही दर तासाला फोन लावता. "कुठवर आला? अजून तिथंच थांबून राहिला का?" यात काळजीच असते, हे मला कळतं. पण दादाला वाटतं, बाबा वाट पाहून राहिले. मग अर्ध्या तासाचा थांबा तो दहा मिनिटांत आटोपतो. म्हणून ड्रायव्हरच्या आरामाचे नियम तुम्हाला नीट समजावून सांगावेसे वाटले.

१९६१ च्या मोटार वाहतूक कामगार कायद्यानं ड्रायव्हरच्या कामाचे तास ठरवले: दिवसाला ८, आठवड्याला ४८. लांब पल्ल्याच्या गाडीला अधिकाऱ्याची मंजुरी असेल तर दिवसाला १० आणि आठवड्याला ५४ पर्यंत. सलग पाच तासांच्या वर काम नाही. त्याआधी किमान अर्धा तास आराम झालाच पाहिजे. आजचं काम संपल्यापासून उद्याचं सुरू होईपर्यंत सलग नऊ तास मोकळे हवेत आणि सात दिवसांत एक दिवस सुट्टी. जादा तासांची मजुरी दुप्पट. आता तो कायदा नव्या कामगार संहितेत आला आहे, पण आठ तासांची मर्यादा आणि दुप्पट मजुरी तिथंही आहेच. तुम्ही म्हणाल, आपली एकच गाडी, हा कायदा तर पाच किंवा जास्त कामगार असलेल्या धंद्याला होता. खरं आहे. पण १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचं ९१ वं कलम माल-प्रवासी वाहतुकीची गाडी चालवणाऱ्या माणसाला तेच तास लावतं. आणि एकच गाडी असली म्हणून दादाची झोप काही कमी होत नाही.

यात सगळ्यात जास्त गफलत होते ती 'काम' कशाला म्हणायचं यात. फक्त स्टेअरिंगवर बसलेला वेळ मोजायचा नसतो. माल भरणं-उतरवणं, हिशोब-कागद करणं, गाडीची देखभाल-दुरुस्ती, हे सगळं कायद्यानं कामाच्या तासांत धरलं आहे. आपल्याकडे काय होतं? दुपारी बारापासून दादा बगीच्यात उभा असतो. तनस (पेंढा) अंथरणं, थर लावून घेणं, ताडपत्री, बांधायचा रस्सा, बिल्टी (मालाची पावती). संध्याकाळी पाचला गाडी निघते आणि आपण म्हणतो, आता कुठं ड्युटी सुरू झाली. खरं तर त्याचे पाच तास तिथंच संपलेले असतात. वाशीत रिकामं व्हायला रांगेत उभं राहणं हाही आराम नव्हे. दर दहा मिनिटांनी गाडी पुढं सरकवायची असेल तर डोळा लागणार कसा?

आता वाटेचा हिशोब मांडून पाहा. वरुडहून अमरावती आणि पुढं समृद्धी महामार्गाला लागेपर्यंत साधारण १३० किलोमीटर. गावं, गतिरोधक, ट्रॅक्टर धरून चार तास. समृद्धीवर सुमारे ५५० किलोमीटर. तिथं जड गाडीला ८० ची मर्यादा आहे, पण भरलेली गाडी ६५ ची सरासरी देते, म्हणजे साडेआठ तास. भिवंडीजवळ आमण्याला समृद्धी संपते, तिथं उतरल्यावर वाशीपर्यंत ट्रॅफिकमध्ये दोन तास. झाले साडेचौदा. एका माणसाची ही दोन दिवसांची ड्युटी आहे. "संध्याकाळी निघ, पहाटे चारला मार्केटात लाव" हे अकरा तासांत बसवायचं तर एकतर वेग वाढवायचा, नाहीतर थांबे खायचे. दुसरा रस्ताच नाही.

आणि बाबा, हे कलम तुम्ही नीट वाचा. मोटार वाहन कायद्याच्या १८३ व्या कलमात लिहिलं आहे की अमुक वेळेत प्रवास पुरा कर असा हुकूम दिला, आणि वेगाची मर्यादा मोडल्याशिवाय तो पुरा होण्यासारखा नसेल, तर तो हुकूमच देणाऱ्याच्या विरुद्ध गुन्ह्याचा सकृतदर्शनी (पहिल्या नजरेला दिसणारा) पुरावा धरला जातो. म्हणजे व्यापाऱ्याचा आग्रह असो की मालकाचा, तो नुसता शब्द राहत नाही. गाडी चालवताना हातात फोन धरणं १८४ व्या कलमात धोकादायक चालवण्यात मोडतं, पहिल्यांदा १,००० ते ५,००० रुपये दंड किंवा कैद. त्या गुन्ह्याला उद्युक्त करणाऱ्याला तीच शिक्षा १८८ व्या कलमानं आहे. तुम्हाला घाबरवायला लिहीत नाही. पण दादाचा फोन वाजतो तेव्हा त्याचा हात कुठं असतो, ते डोळ्यांसमोर यावं म्हणून लिहिते.

तुमचं म्हणणं मला पाठ आहे: "आम्ही नाही का रात्ररात्र गाडी हाकली?" हाकली. पण जुन्या रस्त्यावर खड्डा, बैलगाडी, वळण, गाव, काही ना काही माणसाला जागं ठेवत होतं. समृद्धी सरळ आणि एकसारखी आहे. डोळे उघडे राहतात आणि मेंदू निजतो. अशी तीन सेकंदांची डुलकी लागली की ८० च्या वेगात गाडी ६५ मीटरच्या वर ड्रायव्हरशिवाय जाते. शरीराचं घड्याळ सगळ्यात खाली असतं ते रात्री दोन ते पहाटे सहा आणि दुपारी दोन ते चार. सतरा तास जागलेल्या माणसाचा हात आणि डोळा, १०० मिलिलिटर रक्तात ५० मिलिग्रॅम दारू असल्यासारखा चालतो, असं अभ्यासात दिसलं आहे. आपल्या कायद्यात दारूची मर्यादा ३० आहे. दादा दारूला शिवत नाही म्हणून आपण निर्धास्त असतो, पण सकाळी सहाला उठलेला माणूस रात्री अकराला याच अवस्थेत असतो.

युरोपात साडेचार तास चालवलं की ४५ मिनिटं थांबावंच लागतं. ते १५ आणि मग ३० असं तोडता येतं. अमेरिकेत आठ तासांच्या चालवण्यानंतर अर्धा तास. तिथं गाडीतलं यंत्रच तास मोजतं. आपल्याकडे ते घरच्यांनी आणि मालकानं मोजायचे आहेत, म्हणून एक वही मी तुमच्या हाती देणार आहे. रोज चारच गोष्टी लिहायच्या: काम कधी सुरू झालं, पहिला थांबा, दुसरा थांबा, गाडी बंद कधी केली.

थांबा कसा घ्यायचा, यातही चुका होतात. गाडी उभी केल्यावर दहा मिनिटं तपासणीची: टायर ठोकून पाहणं, चाकाच्या मधल्या हबला हाताची मागची बाजू जवळ नेऊन ताप बघणं, रस्सा आवळणं, मागचे दिवे. हे काम झालं. अर्धा तास त्यानंतर मोजायचा. झोप येत असेल तर आधी चहा किंवा कॉफी घ्यायची आणि लगेच १५-२० मिनिटं आडवं व्हायचं. चहाचा असर व्हायला अर्ध्या तासाच्या आसपास वेळ लागतो, तोवर डुलकी होऊन जाते. डुलकी लांबली तर उठल्यावर डोकं जड राहतं. मग पंधरा मिनिटं चालून, तोंड धुऊन मगच बसायचं. तोंडावर पाणी मारणं, खिडकी उघडणं, मोठ्यानं गाणी लावणं यानं पाच-दहा मिनिटं निघतात, झोप जात नाही.

रस्त्याच्या कडेच्या पट्टीवर गाडी लावून तर अजिबात झोपायचं नाही. अंधारात उभ्या ट्रकला मागून येणारी गाडी धडकते. पेट्रोल पंप, ट्रकचा थांबा किंवा उजेड असलेला ढाबाच बघायचा. हँडब्रेक लावून चाकाखाली लाकडी ठोकळा. केबिनच्या काचा बंद करून आत स्टोव्ह पेटवायचा नाही आणि इंजिन चालू ठेवून झोपायचं नाही. त्या धुरातला विषारी वायू वासानं कळत नाही. १ ऑक्टोबर २०२५ पासून बनलेल्या ट्रकला एसी केबिन सक्तीची झाली आहे, पण आपली गाडी जुनी. मार्चनंतर दुपारी केबिनमध्ये भट्टी होते, म्हणून दुपारचा थांबा झाडाच्या सावलीत आणि केबिनबाहेर खाटेवर.

क्लिनरच्या हाती गाडी देणं हा उपाय समजू नका. त्याच्याकडे जड वाहनाचं लायसन नाही. काही झालं तर विमा कंपनी भरपाईचे पैसे आपल्याकडून वसूल करू शकते. लांब पल्ला घाईचाच असेल तर लायसनवाला दुसरा ड्रायव्हर घ्या आणि त्याची मजुरी आधीच भाड्यात धरा. एरवी व्यापाऱ्याशी बोलताना पोच दोन दिवसांची सांगा आणि रिकामं करायला उशीर झाला तर हॉल्टिंग (थांबून राहण्याचे पैसे) किती, तेही बिल्टीवर लिहून घ्या. संत्रा एका रात्रीत नासत नाही. तो खराब होतो तो दाबानं आणि कोंडलेल्या उष्णतेनं. गाडी थांबली की ताडपत्री दोन्ही बाजूंनी वर करा, हवा फिरू द्या.

आई, तुझ्या डब्याबद्दल. दुपारी एकला पोटभर भाकरी, आलू-वांगं आणि वर भात खाल्ला की दोन ते चारची झोप दुप्पट होते. पोळीभाजी थोडी दे, सोबत दाणे, काकडी, ताक. बाकीचं संध्याकाळच्या थांब्यासाठी. पाण्याचे दोन कॅन भर. अंगातलं पाणी कमी झालं तरी डोळे मिटतात. आणि सर्दीची गोळी त्याच्या पिशवीत ठेवू नकोस. त्यातल्या बऱ्याच गोळ्यांनी झोप येते. निघण्याआधी डॉक्टरांना 'गाडी चालवायची आहे' असं सांगूनच घ्यायची. दादा घोरतो आणि पुरेसा निजूनही जांभया देतो, हे तूच म्हणाली होतीस. झोपेत श्वास अडकतो का, हे छातीच्या किंवा कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवायला हवं. तोडणीचा हंगाम संपायची वाट पाहू नका.

येत्या बुधवारी माल भरायचा आहे ना? मग असं करू. भरणी क्लिनर आणि बाबा बघतील, दादा दुपारी जेवून घरीच झोपेल. गाडी रात्री न काढता गुरुवारी पहाटे पाचला निघेल. दहाच्या आत पहिला थांबा, दुपारी दोनच्या आत गाडी बंद. तिथून पुढं शुक्रवारी पहाटे. थांबला की तो स्वतः फोन करेल. बाबा, तोपर्यंत तुम्ही लावायचा नाही. मी मंगळवारी रात्री वही घेऊन येतेच.

तुमची लाडकी,
ताई