रेवाला तिची जागा शिकवणाऱ्या ताईंना जाहीर आभारपत्र

आदरणीय ताई,
स. न. वि. वि.

आमची जर्मन शेफर्ड रेवा बी.एच. ही प्राथमिक परीक्षा उत्तीर्ण झाली आणि आता आय.जी.पी. या कुत्र्यांच्या क्रीडा-परीक्षेच्या पहिल्या पायरीची, म्हणजे आय.जी.पी.-1ची, तयारी सुरू आहे. आपले आभार घरी येऊन मानता आले असते. पण श्टुटगार्टजवळच्या मैदानावर आपण जे शिकवलेत ते भारतात कुत्री पाळणाऱ्या आणि या खेळाविषयी कुतूहल असणाऱ्या मराठी मंडळींपर्यंतही पोहोचावे, म्हणून हे पत्र जाहीरपणे लिहीत आहे.

जर्मन शेफर्ड कामाला किती योग्य आहे हे पारखण्यासाठी जर्मनीत जी शुट्झहुंड परीक्षा सुरू झाली, तिचेच आजचे रूप म्हणजे आय.जी.पी.; हे नाव 2019पासून चालू आहे. माग काढणे, आज्ञापालन आणि संरक्षण असे तिचे तीन विभाग असून प्रत्येकाला 100 गुण असतात. बघणाऱ्यांची नजर साहजिकच तिसऱ्या विभागातल्या चाव्यावर खिळते. हेल्परच्या, म्हणजे हल्लेखोराची भूमिका करणाऱ्या माणसाच्या, हातावरची जाड बाही कुत्र्याने पकडली की टाळ्या पडतात. आपण मात्र पहिल्याच भेटीत सांगितलेत की पकडण्याची ओढ रेवात उपजतच आहे, तिला शिकवायची आहे ती जागा: माझ्या डाव्या गुडघ्याशी खांदा, शरीर सरळ, माझ्या पायाला समांतर.

त्यासाठी आपण आपल्या घरातला लाकडी पाट मैदानावर आणलात. कुत्र्याला पुढच्या पायांचे भान असते, मागचे पाय आपसूक मागोमाग येतात असेच ते धरून चालते, हे आपण समजावलेत आणि मग रेवाचे पुढचे दोन्ही पंजे पाटावर ठेवायला लावलेत. मी डावीकडे वळत तिच्या खांद्याकडे अर्धे पाऊल टाकायचे आणि तिने पंजे न हलवता कंबर फिरवून पुन्हा माझ्या शेजारी यायचे, एवढाच तो पाठ होता. सुरुवातीला ती पाटावरून उतरायची किंवा माझ्या तोंडाकडे पाहत ताटकळायची. आपण तिला हाताने ढकलू दिले नाहीत. तिचा उजवा मागचा पंजा आपणहून उचलला गेला आणि माझ्या बुटाजवळ टेकला, त्याच क्षणी आपण ‘हो’ म्हणालात आणि खाऊ माझ्या डाव्या हाताने, पँटच्या शिवणीशी द्यायला सांगितलात. खाऊ समोरून किंवा उजव्या हाताने मिळत राहिला, तर कुत्रे डोके माझ्यापुढे वळवते आणि त्याची मागची बाजू डावीकडे बाहेर जाते. बक्षीस जिथे मिळते तिथेच कुत्रे उभे राहू पाहते, हे त्या दिवशी डोळ्यांनी पाहिले.

या पाठाचे खरे मोल संरक्षणाच्या विभागात कळते. आज्ञापालनात कुत्रे मालकाकडे मान वर करून चालते, त्यामुळे मालकाचा चेहरा हीच त्याची खूण बनू शकते. परीक्षेच्या वरच्या पायऱ्यांवर मात्र हेल्पर पुढे चालत असतो, मालक आणि कुत्रे काही पावलांवरून त्याच्या मागे जातात आणि कुत्र्याची नजर हेल्परवर असावी लागते. ज्या कुत्र्याला आपली जागा फक्त चेहऱ्यावरून ठाऊक आहे, ते नजर हटताच पुढे सरकते. ज्याला ती स्वतःच्या पाठीकमरेतून ठाऊक आहे, ते उत्तेजित असतानाही गुडघ्याशी राहते. माझ्या मते या खेळातला सर्वांत सुंदर भाग हाच आहे, आणि तो चाव्याच्या कितीतरी आधी, घरच्या फरशीवर घडवावा लागतो. आय.जी.पी.-1साठी कुत्रे किमान 18 महिन्यांचे असावे लागते. पिल्लाच्या मालकांनी तोवरचा काळ अशा कामात घालवावा, असे मी आता आवर्जून सांगते.

हेल्परसमोर थांबून भुंकण्याचा पाठही आपण त्याच पाटावरून घेतलात. लपणीत उभ्या असलेल्या हेल्परला कुत्र्याने न चावता, न धक्का देता, अगदी जवळ राहून अखंड भुंकायचे असते. रेवा आधी चेंडूसाठी पाटावर बसून भुंकायला शिकली, मग समोर हेल्पर आला. पंजे पाटावर राहिले आणि आवाज स्वच्छ निघाला तरच बाही मिळाली. आता पाट काढून घेतला तरी ती तेवढेच अंतर राखते.

जर्मनीत 2022पासून प्रशिक्षणात काटेरी पट्टे वापरण्यास कायद्याने बंदी आहे. आपण तर कायद्याच्या धाकाने नव्हे, मनापासूनच अशा पट्ट्यांविना, बक्षिसाच्या वाटेने शिकवता, हे मैदानावरच्या प्रत्येकाला दिसते. दिवसभर नोकरी करून, पावसात भिजत, एक पैसाही न घेता आपण आम्हा दोघींना वेळ दिलात. मी पाठवलेले व्हिडिओ थांबवून-थांबवून पाहिलेत आणि माझा डावा खांदा मागे जातो म्हणून रेवा मागे पडते, हेही आपल्याच लक्षात आले. यासाठी मी आपली मनापासून ऋणी आहे.

आय.जी.पी.-1च्या परीक्षेला आपण मैदानाच्या कडेला उपस्थित असावे, एवढीच विनंती. तारीख ठरताच कळवीन.

कळावे, लोभ असावा.

आपली,
रेवाची पालक