गार्गीचा प्रश्न संस्कारवर्गात चालेल का?

महोदय,

नात आमच्या भागातल्या संस्कारवर्गाला जाते. परवा तिथे वटपौर्णिमा झाली. मुलींनी फेरे घातले, मुलांनी सतरंज्या उचलल्या. वड म्हणजे कुंडीत खोचलेली फांदी, देठातून चीक अजून गळत होता. "झाड तोडून झाडाचीच पूजा कशी?" नातीने विचारलं. उत्तर आलं, "फार प्रश्न विचारू नयेत."

मला बृहदारण्यक उपनिषदातली गार्गी आठवली. जनकाच्या सभेत तिने विचारलं होतं, हे सगळं पाण्यात विणलेलं, तर पाणी कशात? प्रश्न वाढत गेले तेव्हा तिलाही याज्ञवल्क्यांनी बजावलं, अतिप्रश्न नको, डोकं गळून पडेल. तरी ती पुन्हा उभी राहिलीच.

इंदुरात वडाचे हाल दुप्पट. हिंदी शेजारणींची वटसावित्री अमावास्येला, आपली पंधरा दिवसांनी. कोयता दोन्ही वेळा. नदीला माता म्हणायलाही शिकवतात, पण इथल्या कान्ह नदीच्या काठी मुलांना कोणी नेत नाही. (नेलंच तर नाकाला रुमाल हवा!)

स्त्रीवादी धर्मचिंतन, म्हणजे बाईच्या नजरेने धर्माकडे पाहणं, म्हटलं की आमच्या भजनी मंडळातल्या बायकाही दचकतात, परदेशी खूळ म्हणतात. मग संत सोयराबाईंनी विटाळावर केलेला सवाल कुठला? जनाबाई विठ्ठलाला 'विठाबाई' म्हणत, ती हाक वर्गात का नाही? १९७४मध्ये हिमालयातल्या रेणी गावात जंगलतोड अडवणाऱ्या गौरादेवींची गोष्टही सावित्रीशेजारी सहज बसेल.

पुढच्या वर्षी मुलांना पारावरच न्यावं. फेरे मुलग्यांनीही घालावेत. सतरंज्या मी उचलते.

– एक आजी, इंदूर