गोधडीचा भाव विचारू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत घरबसल्या कमाई कशी करावी यावर अलीकडे बरेच लेख येतात. विषय शिवणकाम असो, क्रोशा असो की लोणची-पापड, शेवट एकाच ठिकाणी होतो : पाकीट कसं करायचं, भाव किती लावायचा, मोबाइलवर फोटो कसा टाकायचा. हे लेख छापू नका असं माझं म्हणणं नाही. महिला आर्थिक विकास महामंडळ १९७५ साली निघालं, पुढे गावोगावी बचत गट झाले आणि आमच्याच गावातल्या बायकांनी मसाला, शेवया विकून लेकींच्या कॉलेजच्या फिया भरल्या. ते मी डोळ्यांनी पाहिलं आहे. पण यातली एक बाजू कधीच छापून येत नाही. खेड्यातल्या आम्ही बायका यातलं कितीतरी काम निव्वळ आवडतं म्हणून करतो. त्याला गिऱ्हाईक लागत नाही.

मी आर्वी तालुक्यातली. आमची कोरडवाहू शेती, पऱ्हाटी म्हणजे कपाशी आणि तूर. कापसाची शेवटची वेचणी उरकून तूर घरात आली, की होळीपासून मृगापर्यंत हाताला जराशी उसंत मिळते. आमच्याकडे गोधडी शिवायला बसायचे दिवस हेच. पारा पंचेचाळिशीला टेकला की दुपारी बाहेर पाऊल टाकवत नाही. मग ओसरीत सतरंजी अंथरायची, त्यावर जुनं लुगडं ताणायचं, चार कोपऱ्यांवर दगड ठेवायचे आणि आत धोतराचे, सुती साड्यांचे थर लावायचे. चोळामोळा राहिलेली जागा आधी हातानं सपाट करावी लागते, नाहीतर पुढं तिथंच फुगा येतो. काठाकडून सुरू करून धावदोऱ्यानं आत आत यायचं, म्हणजे कापड सरकत नाही. गोधडीला कापड सुतीच हवं. हल्लीच्या गुळगुळीत साड्यांत सुई करकरते, थर एकमेकांवरून निसटतात आणि अंगावर घेतली तर ऊबही येत नाही. सुती गोधडी प्रत्येक धुण्यात मऊ होत जाते. माझ्या सासूबाईंच्या हातची एक अजून वापरात आहे. तिच्यावर त्यांच्या हिरव्या इरकलीचा काठ आहे, माझ्या लग्नातल्या शालूचा सुती अस्तराचा तुकडा आहे आणि मधोमध मुलाच्या पहिल्या शाळेच्या सदऱ्याचा खिसा जसाच्या तसा शिवलेला आहे. नातू त्या खिशात बोरं ठेवतो.

मागच्या वर्षी शहरातून आलेल्या एका पाहुण्यांनी ही गोधडी उलटसुलट करून पाहिली आणि पहिलाच प्रश्न केला, "काकू, एका गोधडीचे किती घेता?" बोलणं आपुलकीचं होतं. पण मला वाईट वाटलं ते वाटलंच. त्यांनी विचारलं असतं, की हा काठ कोणाच्या लुगड्याचा, तर मी त्यांना तासभर बसवून घेतलं असतं.

आमच्या शेजारची सून ऑर्डरी घेते. माप ठरलेलं, रंग ठरलेले, तुकडे दुकानातून नवे कोरे आणलेले. तिला पैशाची गरज आहे, ती मेहनतीनं करते, आणि तिचं मला कौतुकच आहे. परवा दुपारी मात्र ती माझ्याजवळ येऊन टेकली आणि म्हणाली, "काकू, आता सुई हाती घेतली का तारीखच दिसते." तिच्या स्वतःच्या लेकराची दुपट्यासारखी गोधडी अर्धी शिवून पेटीत पडली आहे. हे वाक्य ऐकल्यापासून हे पत्र लिहायचं माझ्या मनात होतं.

याच दिवसांत वाळवणं निघतात. सकाळी उन्हं वर यायच्या आत कुरडयांचा चीक शिजवायचा, पोरांना वाटीत थोडा गरम चीक तेल-तिखट घालून द्यायचा, मग बाजेवर धोतर टाकून कुरडया घालायच्या आणि माकडं येऊ नयेत म्हणून कोणीतरी काठी घेऊन बसायचं. माझ्या आवडीचे सरगुंडे. शेवयांसाठी तिंबलेली कणीक बोटांनी ओढत ओढत बारीक काडीभोवती गुंडाळत न्यायची आणि मग काडी अलगद काढून घ्यायची. वेटोळं तसंच राहिलं पाहिजे. कणीक सैल झाली तर बसकण मारतं, घट्ट झाली तर ओढताना तुटतं. किती पाणी घालायचं हे कोणी सांगू शकत नाही, ते हातालाच कळतं. आंबे निघाले की सरगुंडे शिजवून रसासोबत वाढायचे. चार बायका मिळून बसलो की सकाळ कशी सरते ते समजत नाही, आणि गावात कोणाचं काय चाललंय तेही सगळं कळतं.

पाऊस पडला की पेरणी, डवरणी, निंदण यांतून वेळ फक्त झडीच्या दिवशी मिळतो. बांधावरची तरोट्याची रानभाजी कोवळी असते तेवढ्यातच खुडून आणावी लागते. थोडे दिवस गेले की पान निबर. लसूण ठेचून घातला की भाकरीसोबत दुसरं काही लागत नाही. पोळ्याआधी मी बैलांच्या झुली काढते. आता आमच्याकडे एकच जोडी उरली आहे, बाजारात चमकीच्या तयार झुली मिळतात, तरी दरवर्षी एखादा नवा आरसा मी लावतेच. आरशावर आधी आडवे-उभे टाके घालून जाळी करायची, मग त्या जाळीत सुई अडकवत गोल फिरायचं, तेव्हा तो घट्ट बसतो. बैल मिरवणुकीत मान हलवतो आणि तोरणाखाली आरसा लखकन चमकतो, तेव्हा मला जे वाटतं ते कुठल्या वहीत मांडणार?

हिवाळ्याचं थोडक्यात सांगते, कारण त्या दिवसांत वेचणीपुढं काही सुचत नाही. ओल्या तुरीचे सोले निघाले की सोलेभात, वांग्याच्या भाजीत भरपूर सांबार म्हणजे कोथिंबीर, अंबाडीच्या बोंडांची चटणी. रात्री शेकोटीजवळ घरच्याच कापसातली सरकी बोटांनी काढून फुलवाती वळायच्या, टोकाला दुधाचं बोट लावून पीळ द्यायचा. आमचे हे समोर बसून अंबाडीच्या वाखाचे दोर वळतात. इतक्या वर्षांत त्यांना एकानंही विचारलं नाही, की तुम्ही दोरांचा धंदा का करत नाही. बाईच्या हातात सुई दिसली, की लगेच हिशेब का सुरू होतो?

आमच्या वर्ध्यात ऑक्टोबर १९३७ मध्ये शिक्षण परिषद भरली. तिच्यात गांधीजींनी हस्तव्यवसायातून शिक्षणाची कल्पना मांडली, तीच पुढं नई तालीम झाली. मुलांच्या कामातून शाळेचा खर्च निघावा हाही त्यात विचार होता, आणि त्यावर तेव्हाही वाद झाला होता. मला त्यातला हाताला वळण लावण्याचा भाग मोठा वाटतो. शाळेत कार्यानुभवाचा तास कागदावर आहे. तो सुट्टीआधी उरकून टाकण्याऐवजी गावातल्याच एखाद्या आजीला, एखाद्या दोर वळणाऱ्या बाबाला बोलवा. मुलं-मुली दोघांनाही सुईत दोरा ओवायला, बटण लावायला, तरोटा ओळखायला शिकवा. माझा नातू धावदोरा सरळ घालतो आणि त्याला त्याचा अभिमान आहे.

आपल्याला एवढीच विनंती, की पुरवणीत महिन्याला अर्धं पान अशा कामांसाठी ठेवा. त्या त्या ऋतूत गावात काय रांधलं जातं, काय शिवलं जातं, कोण शिकवू शकेल, इतकंच त्यात यावं. भाव आणि फोन नंबर नकोत. वऱ्हाडातले मांडे, झाडीपट्टीतली मोहफुलं, वर्धा-यवतमाळकडच्या गोधड्या, लिहिणाऱ्या बायका भरपूर सापडतील. सरगुंड्यांची रीत सविस्तर लिहून मी सोबत पाठवत आहे. चैत्र लागायच्या आत छापली, तर ज्यांना करायचे आहेत त्यांना यंदाच्या आंब्यापर्यंत वाळवून ठेवता येतील.

आपली,
एक वाचक
आर्वी तालुका, जि. वर्धा