चक्राआधी मानपत्र वाच

चि. बाळास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. ‘एक दिवस छातीवर चक्र लावूनच घरी येईन’ हे वाक्य बाबांनी शेजारीपाजारी सगळ्यांना वाचून दाखवलं. मला मात्र त्या वाक्यानं झोप लागली नाही, म्हणून लिहायला बसले.

परमवीर चक्र म्हणजे साडेतीन सेंटिमीटरचं काशाचं गोल पदक आणि जांभळी फीत. ते घडवलं सावित्रीबाई खानोलकरांनी. जन्मानं त्या परदेशी, पण मराठी फौजी अधिकाऱ्याशी लग्न करून इथल्याच झाल्या. पुराणं त्यांनी मनापासून अभ्यासली होती. पदकावर त्यांनी इंद्राचं वज्र चार वेळा कोरलं. दधीचींनी आपली हाडं दिली तेव्हा ते वज्र झालं, हे तुला लहानपणी सांगितलंय. पहिलं चक्र गेलं मेजर सोमनाथ शर्मांना, आणि तेही मरणोत्तर. सोमनाथ म्हणजे सावित्रीबाईंच्या लेकीचे थोरले दीर! आजवर २१ जणांना परमवीर मिळालं, त्यातले १४ ते घ्यायला हयात नव्हते. तुझ्या आईला हा आकडा विसरता येत नाही रे.

तू पदकाच्या फोटोपेक्षा मानपत्रं वाच, म्हणजे पदक कशासाठी दिलं ते सांगणारे कागद. ३ नोव्हेंबर १९४७, काश्मीरमधलं बडगाम. सोमनाथांचा डावा हात प्लॅस्टरमध्ये होता. मागे राहिले असते तर कुणी बोट दाखवलं नसतं. पण माणसं कमी पडायला लागली तेव्हा ते त्याच हातानं गोळ्यांच्या मॅगझिनी भरून मशीनगनवाल्यांना देत राहिले. शेवटपर्यंत हेच काम.

आणि तुमचे राणेसाहेब! तू फौजेच्या ज्या इंजिनिअर दलात, बॉम्बे सॅपर्समध्ये, आहेस, तिथलेच सेकंड लेफ्टनंट रामा राघोबा राणे. एप्रिल १९४८, जम्मूकडचा नौशेरा-राजौरी रस्ता. तोफगोळ्यांच्या माऱ्यात त्यांच्या टोळीतले दोघे गेले, पाच जखमी झाले, त्यात ते स्वतःही होते. तरी पुढचे दिवस ते सुरुंग काढत, आडवी टाकलेली झाडं उडवत, रणगाड्यांना वाट करून देत राहिले. रणगाड्याखाली रांगत, दोरीला हिसका देऊन चालकाला ‘थांब’, ‘चल’ सांगायचे म्हणे. १२ एप्रिलला फौज राजौरीत पोचली. त्या मानपत्रात किती शत्रू मारले याचा हिशोब नाही, रस्ता किती मोकळा केला ते आहे. मला ते फार मोठं वाटतं.

अजून एक. पदकाची शिफारस करायला कुणीतरी ते शौर्य पाहिलेलं असावं लागतं, आणि पाहणारा जिवंत परतावा लागतो. ज्या खंदकातून कुणीच परतलं नाही, तिथल्या शौर्याचा कागद कोण लिहिणार? म्हणून ज्याच्या छातीवर काही नाही अशा जुन्या सुभेदारालाही तितक्याच अदबीनं सलाम कर.

चक्र मिळू नये असं मी म्हणत नाही. पण ते मनात धरून सुरुंगापाशी जाऊ नकोस. तिथं फक्त सुरुंग बघ, आणि मागून येणारी पोरं.

सुरुंगाचं ट्रेनिंग कधी सुरू होतंय ते कळव. उस्ताद सांगतील ते दोनदा विचारून घे, लाजू नकोस. बाबांचे आशीर्वाद.

तुझी,
आई