रेडमधली माझी जागा सांभाळणाऱ्या ताईस

प्रिय ताई,

डिस्कॉर्डवर दोन ओळी टाकून तुझे आभार मानता आले असते. पण तू माझ्यासाठी जे केलंस ते रात्र रात्र रेड करणाऱ्या आणखी कुणाच्या तरी उपयोगी पडेल असं मला मनापासून वाटतं, म्हणून हे पत्र सगळ्यांसमोर लिहितोय.

जे वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट हा ऑनलाइन खेळ खेळत नाहीत त्यांच्यासाठी थोडं सांगतो. रेड म्हणजे अनेकांनी मिळून बलाढ्य शत्रूंशी, म्हणजे बॉसशी, केलेली लढाई. या खेळातली सर्वांत अवघड रेड, म्हणजे मिथिक, २० जणांसाठी बेतलेली असते. एक जण आला नाही की उरलेल्या १९ जणांची संध्याकाळ अडते. आपलं गिल्ड, म्हणजे कायम एकत्र खेळणाऱ्यांचा गट, युरोपच्या सर्व्हरवर. तुमच्याकडे रात्री आठला रेड सुरू होते तेव्हा भारतात हिवाळ्यात साडेबारा वाजलेले असतात, उन्हाळ्यात साडेअकरा. तुम्ही अकराला निरोप घेता तेव्हा हिवाळ्यात इथे पहाटेचे साडेतीन. त्यातून मी हीलर, म्हणजे बाकीच्यांना जिवंत ठेवणारा. बाकीच्यांची नजर बॉसवर असते, हीलरची २० जणांच्या आयुष्याच्या पट्ट्यांवर. कुणी मेलं की आधी हीलरकडेच बघितलं जातं. ज्या रात्री रेड नसे त्या रात्रीही सुट्टी नव्हती. युरोपात बुधवारी खेळाचा नवा आठवडा सुरू झाला की ग्रेट व्हॉल्टमधली, म्हणजे आठवड्याच्या बक्षिसांच्या पेटीतली, डंजनची रांग पूर्ण भरायला आठ डंजन (छोट्या गटाच्या मोहिमा) करावी लागतात, आणि हीलर कमी असल्यामुळे प्रत्येकाला मीच हवा असे. कुणी जबरदस्ती केली नव्हती. सगळी माझीच माणसं होती, म्हणून तर नाही म्हणणं आणखी जड जायचं.

घरचे म्हणत होते, खेळच तर आहे, सोडून दे. गिल्डमधले मित्र म्हणत होते, एवढा पॅच (खेळाचं चालू अपडेट) ओढ, मग आराम कर. दोन्हीकडे माया होती हे मला ठाऊक आहे. पण दोन्हीकडे उत्तर आधीच तयार होतं. तू तेवढी विचारलंस, ‘बॉस पडला की तुला काय वाटतं?’ मी म्हणालो, घड्याळाकडे बघतो. त्यावर तू काही समजावत बसली नाहीस. म्हणालीस, मग हा थकवा झोपेपेक्षा मोठा आहे.

पुढे तू जे समजावलंस ते अजून लक्षात आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-११ मध्ये, म्हणजे २०२२ पासून लागू असलेल्या आजारांच्या वर्गीकरणात, गेमिंग डिसऑर्डर ही नोंद आहे. तिचा गाभा असा, की खेळावरचा ताबा सुटतो, बाकी आयुष्य मागे पडतं आणि नुकसान दिसत असूनही माणूस खेळत राहतो. बर्नआउटची नोंद वेगळी आहे. तो आजार मानलेला नाही आणि कामाच्या संदर्भातच सांगितलेला आहे. शक्ती संपल्यासारखी वाटणं, कामापासून मन तुटणं, आपल्या हातून काही नीट होत नाही अशी भावना, ही त्याची तीन अंगं. व्याख्येनुसार खेळाला तो शब्द लावता येणार नाही, असं तू प्रामाणिकपणे सांगितलंस. पण ठरलेली वेळ, हजेरी, जबाबदारी आणि वाट बघणारे १९ जण असले की ती रेड नोकरीसारखं कामच झालेली असते, हेही तूच म्हणालीस. मला खेळावंसं वाटत नव्हतं आणि तरी मी जात होतो. हा फरक कळल्यावर मी घरी नीट बोलू शकलो. मला खेळाचं व्यसन लागलंय अशी भीती आईच्या मनात बसली होती, तीही त्यामुळे कमी झाली.

आणि तरीही तू ते हलक्यावर घेतलं नाहीस. रेड नसलेल्या रात्रीही झोप येईना झाली किंवा दुसऱ्या कशातच मन लागेना, तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ वर फोन कर, मराठीतून बोलता येतं, असं बजावलंस. तो नंबर मी जपून ठेवला आहे. ज्यांना गरज आहे त्यांनी तो जरूर लावावा.

मला सर्वांत मोलाचं वाटतं ते त्यानंतरचं. तू गिल्डला एका ओळीत कळवलंस, की या पॅचला हा हीलर नसेल. कारण दिलं नाहीस, आणि मलाही द्यायला लावलं नाहीस. दुसरा हीलर शोधलास आणि त्याला सगळ्या लढाया शिकवायला स्वतःच्या संध्याकाळी दिल्यास. माझी गिल्डमधली रँक तशीच ठेवलीस. सबस्क्रिप्शन बंद करायला माझा जीव होत नव्हता, तेव्हा फायनल फॅन्टसी १४ या दुसऱ्या ऑनलाइन खेळाचे निर्माते नाओकी योशिदा यांचं उदाहरण दिलंस. स्वतःचा खेळ महिन्याच्या वर्गणीवर चालत असताना हा माणूस खेळाडूंना उघडपणे सांगतो, की वर्गणी थांबवा, दुसरे खेळ खेळा, नवीन पॅच आला की परत या. बनवणाराच असं म्हणतो तर आपण कोणाला घाबरायचं, असं तू विचारलंस. त्याच संध्याकाळी मी वर्गणी थांबवली.

परतलो तेव्हाही तू रेडचं नाव काढलं नाहीस. नवीन पात्र काढ आणि खेळातल्या स्टॉर्मविंड शहराच्या सरायीत ठेवून लॉगआउट हो, म्हणालीस. तिथे पात्र नुसतं पडून असलं तरी दर आठ तासांना लेव्हलच्या पाच टक्के इतका विसावा साठतो, जास्तीत जास्त दीड लेव्हलपर्यंत, आणि तो संपेपर्यंत शत्रू मारल्याचा अनुभव दुप्पट मिळतो. रोज न आल्याबद्दल काहीतरी हाती देणारी अशी सोय या खेळात आहे, हे मी हीलरच्या धावपळीत पार विसरलो होतो. मी मासे पकडले, जुन्या झोनमधल्या गोष्टी वाचल्या, नकाशा न उघडता भटकलो. खेळ मला पुन्हा आवडायला लागला, ताई.

आता मी शनिवारी दुपारी नॉर्मल, म्हणजे सोप्या पातळीच्या, रेडला येतो, तिथे माणसं कमीजास्त चालतात. मिथिकला परत जाईन की नाही ते ठरवलेलं नाही. तू एकदाही विचारलं नाहीस, याबद्दलही आभार.

एक मात्र मागतो. हजेरीची यादी, कुरबुरी, नव्यांची भरती, हे सगळं तू किती वर्षं एकटी बघतेस ते मला ठाऊक आहे. पुढचा पॅच येण्याआधी तू सलग सुट्टी घे. तेवढ्या काळात शनिवारच्या रेडची यादी मी लावेन. कुणाला काय कळवायचं ते तू मला सांग, किंवा काहीच सांगू नकोस. कारण द्यायची गरज नाही.

तुझा,
गिल्डमधला धाकटा हीलर