काळ्या चंद्रकळेतल्या ताईंना

ताई,
सप्रेम नमस्कार, वि. वि.

हे पत्र असं सगळ्यांसमोर लिहितो आहे, कारण पाकिटावर घालायला माझ्याकडे तुमचं नाव नाही आणि पत्ताही नाही. ‘ताई’ म्हणून हाक मारली, तुम्ही ओ दिलीत, आणि पुढचे दोन दिवस आपलं त्यावरच भागलं. लाइपत्सिगच्या स्टेशनवर निरोप घेताना नंबर मागावा असं मनात आलं होतं. पण गाडी लागली होती आणि तुमच्या हातात छत्री, पंखा आणि आणखी तिघांच्या पिशव्या होत्या. जर्मनीतली मराठी माणसं एकमेकांना कुठे ना कुठे सापडतातच, गणपतीत नाहीतर वाणसामानाच्या दुकानात. कोणीतरी हे तुमच्यापर्यंत पोचवील.

ओळख पटावी म्हणून सांगतो, मी तो निळ्या इस्त्रीच्या शर्टातला. चष्मा पाडणारा.

मी लाइपत्सिगला आलो होतो तो फक्त ऑपेरासाठी. १६९३ पासून या गावात ऑपेरा आहे, संगीतकार वाग्नरचा जन्म इथला, आणि ऑपेराच्या पिटात साक्षात गेवांडहाउसचा वाद्यवृंद बसतो. माझ्यासारख्याला एवढं पुरे. पेंटेकॉस्ट या ख्रिस्ती सणाची सुटी बघून तिकीट काढलं. त्याच सुटीत गावात काय भरतं याची मला गंधवार्ता नव्हती. शुक्रवारी ११ नंबरच्या ट्रॅममध्ये चढलो तर अख्खा डबा काळा. झालरी, जाळ्या, टोप्या, पांढरे फटक चेहरे, आणि एका बाईंच्या खांद्यावर खोटा कावळा. आषाढीला पंढरपुरात चुकून दुसऱ्याच कामाला गेलेल्या माणसाची जी गत होते ती माझी झाली. १९९२ पासूनची ही गॉथ लोकांची, म्हणजे काळ्या पोशाखाच्या आणि काळोख्या संगीताच्या वेडाच्या लोकांची जत्रा, वीसेक हजार माणसं येतात, वगैरे मला हॉटेलवाल्याने सांगितलं. तोही काळ्यातच होता.

खरं सांगायचं तर त्या पोशाखांनी मी बिचकलो नव्हतो. दुपारी क्लारा झेटकिन पार्कमध्ये ती व्हिक्टोरियन पिकनिक बघितली. लेसचे कफ, काजळ आणि नखरंगातले पुरुष गवतावर चादर टाकून केक खात बसले होते. लोक त्यांचे फोटो काढत होते. मला आमचं गिरगावातलं घर आठवत होतं. आमच्या आजोबांच्या खोलीत देवांच्या तसबिरींशेजारी शालू नेसलेल्या बालगंधर्वांचा फोटो होता, आणि त्या फोटोला गणपतीच्या आधी हार पडायचा. पुरुषाने नटावं, मुरडावं आणि वर काळीज कापत गावं, यात आमच्या घरात कोणाला कधी वावगं वाटलं नाही. ऑपेराचं मात्र वाटलं.

कारण गिरगावात ऑपेरा म्हणजे ऑपेरा हाउस, आणि ऑपेरा हाउस म्हणजे बसचा स्टॉप नि हिऱ्यांचा बाजार. १९११ सालच्या त्या थेटरात आमच्या लहानपणी सिनेमे लागायचे, १९९३ मध्ये ते बंद पडलं, आणि २०१६ मध्ये नटूनथटून पुन्हा उघडलं तेव्हा मी देशाबाहेर. मला ऑपेरा भेटला तो चोर बाजारातल्या एका ओल्या खोक्यात. दोनिझेत्तीच्या ‘लुचिया’ ऑपेराच्या तबकड्या. नवऱ्याचा खून करून आलेली नवरी, रक्ताचे डाग पडलेला पांढरा झगा, आणि भान सुटल्यावर सुरू होणारं ते पंधरावीस मिनिटांचं गाणं. मी सतरा वर्षांचा होतो. रात्री ते लावलं की आई म्हणायची, “बंद कर रे, चाळीतल्या लोकांना वाटेल आपल्याकडे कोणी गेलं.” तेव्हापासून मी हे चोरून ऐकत आलो. ऑफिसात विषय काढत नाही. ऑपेराच्या दर्दी मंडळींमध्येही फारसा बसलो नाही, कारण तिथे दोन वाक्यांत परीक्षा सुरू होते: कुठल्या सालचं रेकॉर्डिंग, कोणाचा हात, तो वरचा सूर तिने लावला की चुकवला. एका ठिकाणी तर मी नापास होऊन घरी आलो होतो.

एवढं मोठं प्रास्ताविक अशासाठी की शनिवारी संध्याकाळी, पडदा वर जायच्या आधी, माझा चष्मा पडला आणि मी “च्यायला” म्हणालो तेव्हा तुम्ही काय केलंत हे तुम्हाला कदाचित छोटं वाटत असेल.

“डाव्या पायाजवळ बघा,” असा शुद्ध मराठी आवाज अंधारातून आला. चष्मा घालून बघतो तर चंद्रकळा! नऊवारी, काळीभोर. तिच्याखाली पट्ट्यांचे बूट, वर लेसचे हातमोजे, आणि पांढऱ्या केसांखाली नथ. मी काही विचारायच्या आत तुम्हीच म्हणालात, “आपल्याकडे काळ्याला संक्रांतीपुरती परवानगी. मी ती बारा महिन्यांची करून घेतली.”

मग दोन-अडीच तास आपण एक अक्षर बोललो नाही. समोर वाग्नरच्या ‘फ्लाइंग डचमन’मधला तो डच कप्तान, काळ्या डोलकाठ्यांचं आणि लाल शिडांचं त्याचं भुताळी जहाज, सात वर्षांतून एकदा जमिनीला पाय लावायची मुभा, आणि नायिका सेन्टा. बाहेर आउगुस्टुसप्लाट्सवर आल्यावर तुम्ही विचारलंत, “सेन्टा कशी वाटली?” कोणाची सेन्टा चांगली, कुठल्या सालची, असलं काही नाही. कशी वाटली. मला हा प्रश्न कोणी कधी विचारला नव्हता, म्हणून जे आलं ते बोलून गेलो. बाकीच्या मुली चरख्यावर सूत कातताहेत, आणि ही एकटी भिंतीवरच्या काळ्या कपड्यातल्या फिकट माणसाच्या तसबिरीकडे टक लावून बसली आहे. लोक तिला वेडी ठरवतात. मला ती वेडी वाटत नाही, तिला फक्त बाकीच्यांना ऐकू न येणारं काहीतरी ऐकू येतं.

तुम्ही हसलात. “म्हणजे आमच्यातलीच की. उद्या चला, हे आमच्या लोकांना सांगा.”

“मी गॉथ नाही हो.”

“व्हा कोण म्हणतंय? ओळख करून द्या.”

मोरित्सबास्टायच्या त्या विटांच्या कमानी मी विसरणार नाही. जुन्या तटबंदीचा उरलेला बुरूज, मातीखाली गाडलेला, सत्तरच्या दशकात विद्यार्थ्यांनी हातांनी उपसून काढला. त्या विद्यार्थ्यांत आंगेला मेर्केल होत्या हे तुम्ही असं सांगितलंत की जणू गल्लीतल्या मंडळाच्या जुन्या कार्यकर्त्या. तळघरात टेबलाभोवती सातआठ जण. नवा माणूस आला की त्याने आपण काय ऐकतो ते सांगायचं, अशी तुमच्याकडची पद्धत. मी आदल्या रात्री हॉटेलात अभ्यास करून आलो होतो. (हो, अभ्यास. सवय जात नाही.) आणि छाती पुढे काढून मी एका अशा बँडचं नाव घेतलं ज्यात एक सोप्रानो, म्हणजे ऑपेरातल्यासारखी उंच आवाजाची गायिका, गाते.

शांतता. मग चांदीच्या अंगठ्यावाले ते गृहस्थ सावकाश म्हणाले, “ते मेटल आहे.”

आता कळतं. गॉथ निघालं ते सत्तरीच्या शेवटी, ब्रिटनमधल्या पंकनंतरच्या संगीतातून. मोठमोठ्या गिटारी आणि मागे कोरस हे घराणंच वेगळं. किराण्याच्या बैठकीत जाऊन मी आग्र्याची तारीफ केली होती. पण त्या क्षणी मला मागे नापास होऊन आलो होतो ती जागा दिसली. उठून जायला खुर्ची मागे सरकवली, त्यात शर्टाचं मधलं बटण टेबलात अडकून तुटलं. बघा, अपमान कधी एकटा येत नाही.

तुम्ही बांगडीची पिन काढलीत. काळी सेफ्टीपिन. आमची आई, मावशी, शाळेतल्या बाई, सगळ्यांच्या बांगडीला असायची तशी. ती माझ्या शर्टाला लावता लावता तुम्ही मराठीत म्हणालात, “अहो, पाहुण्यासारखं काय बोलता? घरी जे ऐकता ते सांगा ना.” आणि त्या लोकांना जर्मनमध्ये सांगितलंत की हे ऑपेरावाले आहेत, यांना त्यांच्या भुतांबद्दल विचारा. अंगठ्यावाल्यांचं लक्ष त्या पिनेकडे गेलं. पंकवाल्यांचा हा दागिना मराठी बायका पिढ्यान्‌पिढ्या हातात घालून हिंडताहेत हे त्यांना कोणी सांगितलं नसावं.

मग मी सांगितलं. तुम्ही बसला आहात त्याच गावात २९ मार्च १८२८ रोजी मार्शनर नावाच्या माणसाने व्हँपायरवरचा ऑपेरा पहिल्यांदा रंगमंचावर आणला. त्याचा लॉर्ड रुथवेन मेलेला असतो आणि चांदणं अंगावर पडलं की उठतो. मुदत वाढवून हवी असेल तर एका दिवसात तीन नवऱ्या मुलींचे बळी द्यायचे. त्यातली एमी नावाची गावातली पोर मैत्रिणींना एक गाणं म्हणून दाखवते, एका फिकट माणसाचं. त्याच्याकडे बघू नकोस ग आई म्हणते, असं. आणि गाणं संपतं न संपतं तोच तो माणूस दारात. १८३३ मध्ये व्युर्त्सबुर्गच्या थेटरात वीस वर्षांचा वाग्नर हाच ऑपेरा बसवून घेत होता, त्यातल्या एका गाण्याला त्याने आपलं शेपूटही जोडलं. दहा वर्षांनी त्याची सेन्टा गाते तेव्हा तिच्या गाण्यात एमी ऐकू येते. तेच मुलींचं टोळकं, तोच फिकट माणूस, तेच दार. एमी मरते बिचारी फसून. सेन्टा मात्र स्वतःहून समुद्रात उडी घेते. हा फरक मला फार मोठा वाटतो, असं मी म्हणालो, आणि माझ्या लक्षात आलं की कोणी मध्ये बोलत नाहीये.

काजळवाल्या मुलाने ‘लुचिया’बद्दल विचारलं. दोनिझेत्तीने तो वेडाचा प्रसंग मुळात काचेच्या वाद्यासाठी लिहिला होता, ओल्या बोटांनी काच घासून वाजवायचं, आपल्या जलतरंगाची भुताटकीतली चुलत बहीण. १८३५ च्या पहिल्या प्रयोगाला तिच्या जागी बासरी आली. ते वाद्य ऐकून माणसं वेडी होतात असा त्या काळी समज होता म्हटल्यावर तो पोरगा इतका खूश झाला की विचारू नका.

पण सगळ्यात जपून ठेवलंय ते त्यानंतरचं. ती बेस गिटार वाजवणारी मुलगी, कोपऱ्यात बसलेली, तिने विचारलं की ऑपेरात बेसला काही काम असतं का. मी डायडोचं मरणगीत सांगायला गेलो. पर्सेल या इंग्रज संगीतकाराच्या ऑपेरातलं, १६८९ च्या सुमाराचं. खाली पाच मापांचं एक आवर्तन, संपलं की पुन्हा तेच, आणि वर ती राणी त्या आवर्तनाला कुठे भेटते, कुठे ओलांडून जाते. मला पाश्चात्त्य सुरांची नावं घाईत आठवेनात, म्हणून मी सरळ आपल्या भाषेत म्हणून दाखवलं: सा, शुद्ध नी, कोमल नी, शुद्ध ध, कोमल ध, प. एकेक पायरी खाली, विहिरीत उतरल्यासारखं. दुसऱ्या आवर्तनाला तुमचा आवाज मिळाला. खर्जात, काय आवाज आहे हो ताई तुमचा! तिसऱ्याला ती मुलगी टेबलावर बोटांनी वाजवायला लागली. अंगठ्यावाले म्हणाले, “आमच्याकडेही हेच. चाल बेसची, गिटार वरून नुसती कोळिष्टकं लावते.” आणि त्यांनी मला कानात घालायला बौहाउस या गॉथ बँडचं ते १९७९ सालचं साडेनऊ मिनिटांचं गाणं दिलं. जवळजवळ तीन मिनिटं गायक तोंडच उघडत नाही. मी म्हटलं, आमच्याकडे याला कोणी लांब म्हणणार नाही.

क्लाउस नोमीबद्दल वेगळे आभार. बर्लिनच्या ऑपेरात लोकांना जागा दाखवायचं काम करणारा हा माणूस, प्रयोगानंतर सहकाऱ्यांना गाऊन दाखवायचा, पुढे न्यूयॉर्कला जाऊन पांढरा चेहरा, काळे ओठ करून पर्सेल गायला. मला तो माहीतच नव्हता. तुम्ही ट्रॅममध्ये एक कान मला दिलात. बर्फातून उठवलेला हिवाळ्याचा देव म्हणतो की मला पुन्हा गोठू द्या, मरू द्या. मूळ गाणं खालच्या आवाजाचं, नोमी ते वर नेतो. १९८३ मध्ये एड्सने गेला, एकोणचाळीसाव्या वर्षी. आजोबा असते तर फोटोशेजारी फोटो लागला असता.

तुम्ही मला काळे कपडे घालायला सांगितलं नाहीत. एकदाही नाही. उलट सोमवारी त्या मुलीने माझ्या शर्टाची चेष्टा केली तेव्हा तुम्ही म्हणालात, “राहू दे ग, आपल्यात एक तरी माणूस अंधारात दिसायला हवा.”

अंगठ्यावाल्यांना नमस्कार सांगा. ते मेटलच आहे, मी मान्य केलं आहे.

पिन अजून माझ्याकडे आहे. बटण शिवून झालं, तरी ती काढली नाही. परवा आईला व्हिडिओ कॉलवर दिसली तर म्हणाली, बायकांची पिन तुझ्या शर्टाला कशी? मी सांगितलं, एका ताईंची आहे, परत करायची आहे. येत्या पेंटेकॉस्टला ऑपेरात काहीही असो, मी बाल्कनीत असेन. घेऊन येतो.

आपला नम्र,
निळा शर्ट, गिरगाव