१५ जूनची बैठक : ज्येष्ठांच्या छळाला कडक शिक्षा हवी

सर्व ज्येष्ठ सभासदांना नमस्कार.

येत्या सोमवारी, १५ जूनला, सकाळी ९ वाजता मारुती मंदिराच्या सभामंडपात जमायचे आहे. ज्येष्ठांच्या छळाविरुद्ध जागृतीचा दिवस म्हणून ही तारीख जगभर पाळतात. तिथून परभणीच्या जिल्हाधिकारी कार्यालयात जाऊन केंद्र सरकारसाठीचे निवेदन देऊ.

आई-वडील आणि ज्येष्ठांच्या सांभाळासाठीच्या २००७ च्या कायद्यात म्हाताऱ्या माणसाला वाऱ्यावर सोडणाऱ्याला कलम २४ खाली जास्तीत जास्त ३ महिने कैद, ५,००० रुपये दंड किंवा दोन्ही. इतकेच! मारहाण, उपाशी ठेवणे यांचा त्या कलमात उल्लेखही नाही. शिक्षा ६ महिन्यांपर्यंत नेणारे २०१९ चे विधेयक मंजूर न होताच बारगळले. ते पुन्हा आणा, ही आपली मागणी.

एका ताईंच्या परवानगीने लिहितो. पदराच्या गाठीत सातबाऱ्याची घडी घेऊन त्या आल्या होत्या. शेत लेकाच्या नावावर केले आणि त्यांची बाज गोठ्यात गेली. तक्रार करा म्हटले तर म्हणाल्या, "लेकराला कसं अडकवू?"

येताना :
- चष्मा आणाच. निवेदन वाचूनच सही करा.
- बक्षीसपत्र केले असेल तर त्याची प्रत आणा. सांभाळण्याची अट घातलेली असेल आणि ती मोडली असेल, तर त्याच कायद्याच्या कलम २३ खाली ते रद्द करून घेता येते. दाद उपविभागीय अधिकाऱ्यांच्या न्यायाधिकरणात मागायची.
- मुला-सुनांनाही सोबत आणा.

सभेत कोणी घरचे दुखणे सांगितले तर ते बाहेर बोलायचे नाही. चालवत नसेल त्यांनी रविवारपर्यंत कळवा, रिक्षा पाठवू.

मदतीसाठी फोन : १४५६७, सकाळी ८ ते रात्री ८.

आपला,
सचिव